रुखवतातली गोरी

त्या बाहुलीचा मला आजही राग येतो. ताईच्या लग्नात रुखवतात मांडायची म्हणून केली होती ती. मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा. आमच्या चिखलीत लग्न ठरलं की घरच्या बायका-पोरी रुखवतामागे लागायच्या. मण्यांचं तोरण, लोकरीची बदकं, साखरेचं तुळशीवृंदावन, आणि मधोमध काचेच्या पेटीत नटलेली नवरी. नवरीचा चेहरा बाजारात तयार मिळायचा, प्लास्टरचा, गुलाबी गालांचा. ज्या घरी जावं तिथे तोच. मी ड्रॉइंगची परीक्षा नुकतीच पास झालेली, त्यामुळे डोक्यात हवा. म्हटलं, असला मुखवटा आपल्या घरी नको. मी खऱ्या माणसासारखा चेहरा रंगवते.

कुठून ही अवदसा आठवली देव जाणे!

कागदाच्या लगद्याचं डोकं केलं. त्यावर जुन्या धोतराचं मऊ कापड चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलं, वरून खडूची भुकटी डिंकात कालवून लावली, वाळल्यावर घासून गुळगुळीत केलं. इथवर सगळं झकास. मग ताईला समोर बसवलं आणि तिच्याकडे बघून डोळे काढायला घेतले. डावा असा उतरला की माझी मीच खूश. उजवा काही केल्या जुळेना. एकदा खाली उतरला, पुसून पुन्हा काढला तर नाकाकडे बघायला लागला. पुसून पुसून खडू निघाला आणि गालाला खड्डा पडला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून डोकावली. "हे काऊन अशी रागानं पाहून राह्यली वं?"

मी ब्रश भिंतीवर फेकून मारला. ताई उठली, ब्रश धुऊन आणला, माझ्या हातात दिला आणि पुन्हा समोर येऊन बसली. तिच्या त्या शांतपणाचाही मला संताप यायचा.

डोळे सरळ झाले तर रंग जमेना. पांढऱ्यात पिवळा घातला, जरासा गेरू घातला, तर तोंड पिकल्या भोपळ्यासारखं. खरवडलं, पुन्हा लावलं. शेवटी ताईचा हात मांडीवर ओढून घेतला आणि तिच्या मनगटाशेजारी ब्रश धरून रंग जुळवत बसले. ताई सावळी. तपकिरी वाढवला, किंचित लाल, अगदी किंचित काळा. आणि एका दुपारी जमलं की! बाहुलीतून ताईच बघत होती. मी घरभर नाचले.

आईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मोताळ्याची मावशी लग्नासाठी येऊन राहिली होती, ती म्हणाली, "माय वं, नवरी इतकी काळी कोणी करते का? पांढरा घाल त्याच्यात."

मी भडकलेच. ताईला बघायला किती घरं आली आणि पोहे खाऊन गेली. निरोप प्रत्येकाचा एकच, बाकी सगळं ठीक आहे, पण मुलीचा रंग. मलकापूरच्या लोकांनी एकदाचा होकार दिला होता. "त्यांनी ताईला बघूनच हो म्हटलं ना?" मी ओरडले. "मग बाहुलीचा रंग काऊन लपवायचा?"

"त्याईनं पाह्यलं हाये तेच पुन्हा त्याईच्या डोळ्यापुढं काऊन मांडून राह्यली तू?" आई म्हणाली.

मी आईशी बोलणं टाकलं आणि पांढऱ्याची बाटली कपड्यांच्या पेटीत दडवली. रंग बदलणार नाही म्हणजे नाही.

मग ताई माझ्याजवळ येऊन बसली. बाहुली हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. "अगदी मीच हाये," म्हणाली. मला वाटलं, चला, घरात एक तरी आपल्या बाजूचं निघालं!

"पांढरा कुठं ठेवला तू?" तिनं विचारलं.

"काऊन?"

"मले तर ते जन्मभर पाह्यतीलच. हिले तरी कोणी नावं नको ठेवायला."

बाटली काढली, पण तिच्या हातात दिली नाही, मीच रंग कालवला. इतक्या मुश्किलीनं जमलेल्या त्या गालांवर पांढरा चढवताना मला रडू आवरत नव्हतं. ताई शेजारी बसून "अजून थोडा, अजून थोडा" म्हणत होती. डोळ्यांना मात्र मी हात लावला नाही.

लग्नाच्या दिवशी मलकापूरच्या बायका रुखवत बघायला आल्या. बदकांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, सगळ्यांचा घोळका पेटीभोवती. "खरीच वाटते वं! पापणी हलवते का काय!" ताईच्या सासूबाईंनी पेटी दोन्ही हातांनी उचलली, उजेडाकडे धरली आणि मोठ्यानं हसून म्हणाल्या, "अश्शीच पाह्यजे होती आमाले!"

बायका हसल्या. आईही हसली, व्याह्यांसमोर दुसरं करणार काय? ताई मुंडावळ्या बांधून तिथेच उभी होती. तीही हसली.

रुखवताबरोबर पेटी मलकापूरला गेली आणि त्यांच्या बैठकीत मांडली गेली. मी गेले की सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, आमच्या सुनेच्या बहिणीनं केली, बघा. मला ती आपटून फोडावीशी वाटते. काच पुसायचं काम ताईकडे आहे. रोज सकाळी पुसते.