नवं नको, उतरलेलं द्या

आमच्या चर्चमागच्या दोन खोल्यांत, ज्यांना माहेर नाही किंवा माहेराने दार लावून घेतलंय, अशा बाळंतिणी राहतात. आम्ही बायका पाळीपाळीने डबे नेतो, बाळांना न्हाऊ घालतो आणि एकमेकींच्या डिंकाच्या लाडवांना नावं ठेवतो. माझ्याकडे शिवणकाम. त्या हिवाळ्यात मी झबल्यांचा ढीग शिवला होता आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

उमरेडकडची एक मुलगी तान्ही लेक घेऊन आली. माझं झबलं तिने कौतुकाने पाहिलं आणि घडी घालून उशाशी ठेवलं. पोर ओढणीतच. दुसऱ्या दिवशीही तेच. माझं डोकं फिरलं.

"काहून नाही घालत वं? टोचते का?"

"नाही जी काकू. पहिल्या लेकराले नवंच घातलं होतं. ते नाही राहिलं." मग हळूच म्हणाली, "एखाद्या चांगल्या लेकराचं उतरलेलं द्या ना."

खरं तर सुरुवातीला बाळाला दुसऱ्याचं उतरलेलं घालायची रीत आमच्याही घरी आहे. पण चर्चमध्ये द्यायचं तर कोरंच द्यायचं, हा आम्हा बायकांचा बाणा. कुणी जुने कपडे आणले की आम्ही नाक मुरडून परत पाठवायचो.

घरी जाऊन ट्रंकेतून माझ्या लेकीचं झबलं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, ऐसपैस, छातीवर डाग. ते नेऊन दिलं, तर उमरेडच्या त्या मुलीने उलटसुलट करून पाहिलं.

"ज्याचं हाय, ते लेकरू बरं हाय ना?"

"बरं म्हणजे? कॉलेजात जाते."

"मले पाहू द्या."

मी लेकीला फोन केला. ती तणतणत स्कूटीवरून आली, हातात कागदात गुंडाळलेला अर्धा समोसा. मुलीने तिला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं.

"जेवते का बरोबर?"

"ते विचारूच नको," मी म्हटलं. लेकीने समोसा पाठीमागे लपवला, तशी ती मुलगी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

"मग तुम्हीच घाला जी ताई."

आयुष्यात बाळ हातात न घेतलेली माझी लेक घाबरत घाबरत खाली बसली. एवढासा हात बाहीतून काढताना तिला घाम फुटला. शेवटी नाड्या बांधल्या. बाळाची आई वाकून लेकीला म्हणाली, "आता राहा वं बाई." मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

सव्वा महिना झाल्यावर तिने उशाशी ठेवलेलं माझं कोरं झबलं स्वतःहून काढलं. ते बाळाच्या दंडातच अडकलं. आम्ही दोघींनी ओढून पाहिलं, पोरीने भोकाड पसरलं, पण ते काही खाली उतरेना. माझं शिवलेलं कुणाला झालं नाही म्हणून मी एवढी खूश कधीच झाले नव्हते.