नातीच्या नावाची मूठ

मुलगी वेळेच्या बरीच आधी जन्मली. जर्मनीतल्या एका लहान शहरात आम्ही दोघं नोकरीमुळे राहतो. बाळंतपणासाठी माय शहाद्याकडच्या आमच्या गावाहून आली होती. पण तिनं ज्या बाळाला न्हाऊ घालायचं, ते काचेच्या पेटीत होतं, आणि त्याचा श्वास यंत्र घेत होतं. बायको दिवसभर त्या पेटीजवळ बसून असायची. मी घर आणि दवाखाना यांमध्ये फिरत राहायचो. घरातला मी पहिला पदवीधर. डॉक्टर सांगायचे ते मला समजायचं आणि समजायचं म्हणूनच भीती वाटायची. त्या दिवसांत माझ्या तोंडून देवाचं नाव निघेना.

अशात श्रावणातला कानबाईचा रविवार आला. आमच्याकडे त्या दिवशी नारळाला साडी-दागिने घालून कानबाई देवी बसवतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात आणि त्याच पिठाचे नैवेद्याचे रोट करतात. यंदा राहू दे, असं मी मायला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "बाई दरसाल येस. तिले काय सांगू, मन्हा घर नको येऊ?" मग मी आदल्या दिवशी भारतीय दुकानातून नारळ, गहू आणि दळायची सोय नाही म्हणून पिठाची पिशवी आणली. मायनं ती उलटसुलट करून पाहिली.

"हाई पीठ कोना मूठनं शे?"

पिशवी बाजूला सारून तिनं सुपात गहू ओतले आणि बाबा, दादा, दादाचा मुलगा, मी, अशा नावानं मुठी काढल्या. मग अजून एक सव्वा मूठ घेतली.

"ही कोणाची?"

"पोरनी."

"माय, मुलींची मूठ घेत नाहीत ना?"

"कानबाई कोन शे? बाईच शे ना? तिले पोरनी मूठ का बरं चालाव नही?"

माय गव्हाचं भांडं पदराखाली घेऊन खालच्या मजल्यावर गेली. तिथं एक जर्मन आजी एकट्या राहतात. त्यांच्या ओट्यावरची विजेची लहान चक्की मायनं येता-जाता खिडकीतून पाहिली होती. मी मागोमाग धावलो. रविवारी आवाज करायचा नाही, असा आमच्या इमारतीचा नियम आहे आणि तो मोडला की शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मायनं हातानं जातं फिरवून दाखवलं, मग दोन हात बाळाएवढं अंतर ठेवून दाखवले. आजींनी तिच्याकडे पाहिलं, उठल्या, सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि चक्की सुरू केली. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, म्हणून मायनं नंतर त्यांना वाटीभर खीर नेऊन दिली.

आरती चालू असताना बायकोचा फोन आला. "अहो, नळी काढली. ती आपली आपण श्वास घेतेय. सिस्टर म्हणतात, बाळाच्या बाबांना बोलवा, छातीवर घेऊ देत."

मी मायला सांगितलं, चल. तिनं डोळे पुसले, पण जागची हलली नाही.

"तू जाय, बापू. बाईले एकली सोडीसन मी कशी येऊ?"

नातीला तिनं अजून काचेतूनच पाहिलं होतं. तरी ती बसून राहिली.

दवाखान्यात सिस्टरनी सदऱ्याची बटणं सोडायला सांगितली आणि मुलगी माझ्या उघड्या छातीवर ठेवली. हे औषधानं झालं, डॉक्टरांच्या कष्टानं झालं, हे मी मानतो. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण एवढे दिवस मी आकडे पाहत, जणू माझ्याच काळजीवर तिचा श्वास चालतो अशा समजुतीत जगत होतो. माय मात्र तिच्या नावाची मूठ काढून मोकळी झाली होती. ते मोकळं होणं मला तिथं त्या खुर्चीत थोडंसं उमगलं. काही मागावं असं वाटलं नाही. हात जोडावेसे वाटले, पण दोन्ही हात मुलीच्या पाठीवर होते. मी ते तसेच राहू दिले.