सहाही भोपळे

परवा सांगलीत एका समारंभाला गेले होते. व्यासपीठावर एक वयोवृद्ध गृहस्थ बोलायला उभे राहिले. एकेकाळी ते इथल्या बोट क्लबाचे चिटणीस होते. जुन्या आठवणी सांगता सांगता म्हणाले, "आमच्या क्लबानं त्या काळातसुद्धा मुलींना पाण्यावर उतरवलं होतं." टाळ्या पडल्या. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. मी उठून बाहेर आले. पाण्यावर उतरवलेल्या त्या 'मुली' म्हणजे मी एकटी होते, आणि मला कसं उतरवलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही. मग मीच सांगते.

साठच्या दशकातली गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सैन्यात होते. नद्यांवर पूल बांधणाऱ्या पलटणीत त्यांनी मोटारबोटी चालवल्या होत्या. पेन्शनीत निघून ते कोरेगावजवळच्या आमच्या गावी आले, पण तिथं बोट चालवायला पाणी कुठलं? तेवढ्यात सांगलीच्या क्लबाला बोट चालवणारा माणूस हवा असल्याचं कळलं आणि आम्ही कृष्णेच्या घाटाजवळ दोन खोल्यांत राहायला आलो.

क्लबात हळदीचे व्यापारी होते, डॉक्टर होते, एक-दोन कारखानदार होते. चिटणीस तेव्हा तरुण होते. विलायतेत शिकून आलेले, आणि येताना पाण्यावरून घसरत जायची एक लांब लाकडी फळी घेऊन आलेले. साहेब लोक तिला स्की म्हणायचे, आम्ही फळीच म्हणायचो. तिच्यावर पुढच्या पायासाठी रबरी बूट आणि मागच्या पायासाठी रबरी पट्टा होता, आणि खाली पाणी कापत जाणारं धातूचं पातं होतं. दोन्ही पाय त्या एकाच फळीवर, एकामागे एक. हातात दोराची मूठ आणि दोराचं दुसरं टोक बोटीला.

खेळ असा. बोट मधून सरळ धावते. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीनं सहा खुणा तरंगत असतात. मागच्या माणसानं बोटीमागची लाट ओलांडून एकदा या बाजूच्या खुणेला बाहेरून वळसा घालायचा, पुन्हा लाट ओलांडून त्या बाजूच्या. सहाही जमल्या की बोटीचा वेग वाढतो. वेग ठरलेल्या शेवटाला पोचला की मग दोर आखूड करतात. परदेशात खुणांसाठी रबरी चेंडू असतात म्हणे. आमच्याकडे पोहायला शिकताना पोरं पाठीला बांधतात ते वाळलेले भोपळे होते. त्यांना लाल रंग लावून, दगड बांधून बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात सोडलेले.

मी फळीवर उभी राहिले ती आबांच्या गरजेपोटी. बोटीचं इंजिन दुरुस्त केलं की मागं वजन ओढून बघावं लागे, आणि क्लबाची मंडळी रविवारशिवाय फिरकायची नाहीत. आबा म्हणाले, "धर गं ती मूठ. हात ताठ ठेव, गुडघं वाकीव. वडून उठू नगंस, बोटच तुला उठवंल."

पहिल्यांदा तोंडावर आपटले. नाकात पाणी, डोळ्यांत पाणी. पण गावाकडं विहिरीतून पोहरे ओढून माझे दंड चांगले भरले होते. थोड्याच दिवसांत मी उभी राहिले, मग लाट ओलांडायला लागले. आबांनी घरामागच्या लिंबाला दोर बांधून दिला. सकाळी मूठ धरून मागं रेलायचं आणि हात भरून येईतो तसंच राहायचं. आई चुलीपुढून ओरडायची, "लगीन व्हायचंय तिचं, आन् हाताला घट्टं पाडून घ्या!" पण रात्री तीच माझ्या तळव्यांना तेल चोळायची.

एकदा चिटणीस अवेळी नदीवर आले आणि त्यांनी मला बघितलं. आबांना वाटलं, गेली नोकरी. पण ते खूश झाले. त्या दिवसापासून स्वतः बोटीत बसून शिकवायला लागले. वळताना नजर पुढच्या भोपळ्यावर कशी ठेवायची, दोर ढिला पडू न देता शरीर कसं बाहेर झुकवायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. ते मी नाकारत नाही. क्लबात शर्यत ठरली तेव्हा ते आपण होऊन म्हणाले, "तू आमच्या पोरांपेक्षा सरस आहेस. तुला उतरवणारच." पुण्या-मुंबईचे क्लब येणार होते. मी रोज भावाची अर्धी चड्डी आणि सदरा घालून नदीवर जात होते. लोक बोलायचे. बोलू दे म्हटलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी चिटणीसांनी मला घाटावर बोलावून घेतलं.

"उद्या तू आहेसच," ते म्हणाले, "पण स्पर्धेत नाही. आपल्याकडे मुलींचा गट नाही ना."

"मग मुलांच्यात उतरते."

"तसं कसं चालेल? बाहेरचे क्लब हरकत घेतील."

"घेतलीय का कुणी?"

"अजून नाही. पण घेतील."

न घेतलेल्या हरकतीवर माझा निकाल लागला होता! पुढचं ऐकून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शर्यत संपून बक्षिसं द्यायच्या आधी मी छान गोल पातळ नेसून, एका हातात क्लबाचं निशाण धरून, बोटीमागून हळूहळू सरळ जायचं. प्रमुख पाहुणे मोठे अधिकारी होते. त्यांच्या पत्नीला ते फार आवडेल, असं समितीचं मत होतं. पातळही त्यांनी आणून ठेवलं होतं. गुलाबी आणि झिरझिरीत.

घरी येऊन मी ते पातळ आईपुढं टाकलं आणि रडले. आईनं ते दोन बोटांनी उचलून बघितलं.

"ह्ये नेसून पान्यात जायाचं? भिजल्यावर काय दिसंल त्ये कळतंय का त्यास्नी? का कळतंय म्हनूनच दिलंय?" आई म्हणाली. मग तिनं पेटीतून आपलं जाडंभरडं हिरवं लुगडं काढलं. "ह्ये नेस. कासोटा मी घट्ट मारून देते. लुगडं नेसून मी हिरीचं पानी वडलंय, ज्वारी काढलीया. लुगड्यात बाई पडत न्हाई."

आबा नुसते दोर तपासत बसले.

दुसऱ्या दिवशी घाटावर मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर. एका फळ्यावर स्पर्धकांची नावं आणि प्रत्येकापुढं त्यानं घेतलेल्या भोपळ्यांचा आकडा. पोरं चांगली होती, उगाच का नावं ठेवू? पण वेग वाढला तशी ती एकेक करून गळाली. शेवटच्या वेगाला एका कारखानदाराच्या मुलानं चार घेतले आणि तो पाण्यात गेला. त्याच्यापुढं कुणी गेलं नाही. मग माझी करमणूक पुकारली.

मी हिरव्या लुगड्यात, पदर कमरेला खोचून पाण्यात उतरले तेव्हा चिटणीसांचा चेहरा पडला. त्यांनी निशाण पुढं केलं. मी ते पायरीवर ठेवून दिलं. बोटीत आबा आणि पुण्याहून आलेले पंच होते. मी उभी राहिले, फळी पाण्यावर बसली, आणि मी आबांना अंगठा वर करून दाखवला. वेग वाढवायची ती खूण. आबांनी एकदा मागं वळून बघितलं आणि इंजिन शेवटच्या वेगाला नेलं.

भिजलेलं लुगडं जड झालं होतं. पहिला भोपळा उजवीकडचा. बाहेरून वळले, लाट ओलांडली, दुसरा. तिसऱ्याला पाणी उडून डोळ्यांवर आलं. चौथ्याला दोर क्षणभर ढिला पडून असा हिसका बसला की खांदा निखळला असं वाटलं. मूठ सोडली नाही. पाचवा. काठावरचा आवाज बंद झाल्यासारखा वाटत होता, की मलाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे. सहाव्याला वळसा घालून मी मूठ सोडली आणि पाण्यात बसले. आता आठवतानाही मला हसू फुटतं. एवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

काठावर घाटावरची माणसं, कोळी, धुणं धुणाऱ्या बाया ओरडत होत्या. खुर्च्यांवरच्या मंडळींनी हात राखून टाळ्या वाजवल्या. लाउडस्पीकरवरून आवाज आला, "आमच्या बोटचालकांच्या कन्येनं सादर केलेलं मनोरंजक प्रात्यक्षिक!" मी फळ्याकडं बघत राहिले. कुणीतरी खडू उचलेल असं मला खरंच वाटत होतं. चार भोपळेवाल्याला कप मिळाला. मला पाहुण्यांच्या पत्नीच्या हस्ते नारळ आणि खण. वर त्या म्हणाल्या, "लग्नानंतर सोड हं बाई असलं धाडस." आबांनी नंतर सांगितलं, बोटीत ते पंच आपण होऊन म्हणाले होते, "सहाही घेतले पोरीनं. अगदी स्वच्छ." काठावर येऊन मात्र त्यांनी चहाची कपबशी घेतली आणि तोंड उघडलं ते बिस्किटासाठी.

समारंभ आटोपल्यावर पाहुण्यांना बोटीतून फेरफटका मारायचा होता. चिटणीस आबांना म्हणाले, "चला, काढा बोट."

आबा काठावर येऊन उभे राहिले. "न्हाई निघायची सायेब."

"का? बिघडलीय?"

"बोट बरी हाय. मीच बिघडलोय."

सैन्यात उभा जन्म हुकूम पाळलेला माणूस. त्यांना नाही म्हणताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी बोटीची किल्ली खुर्चीवर ठेवली आणि बायांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या आईला म्हणाले, "चल, घरी जाऊ." नोकरी गेलीच.

संध्याकाळी चिटणीस घरी आले. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "मी समितीत तुझी बाजू मांडली होती."

"कुठं मांडली?" मी विचारलं. "घाटावर तर मला दिसली नाही."

ते गेले. आई म्हणाली, च्या तरी द्यायचा हुतास. मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन.

आबांना कऱ्हाडजवळ एका साखर कारखान्याच्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. त्यांचं बरं चाललं. मी शिक्षिका होऊन कुंडलला लागले. फळीवर पुन्हा उभी राहिले नाही. ती फळी क्लबाची, बोट क्लबाची, आणि म्हणायला नदीही क्लबाचीच. पण विहिरी कुणाच्या बापाच्या नव्हत्या. शाळेतल्या पोरींना मी विहिरीत पोहायला शिकवलं. एका पालकानं येऊन विचारलं, "बाई, पोरीस्नी पव्हायला कशापायी?" म्हटलं, "बुडू नये म्हणून. अजून काही?"

पुढं एका वर्षी कृष्णेत पोहण्याच्या शर्यती होत्या. पोरींना घेऊन गेले, तर तिथले संयोजक म्हणाले, मुलींचा गट नाही. मी म्हटलं, "नसेल तर आत्ता करा," आणि पोरींना घेऊन सुरुवातीच्या दोरापुढं पाण्यात उभी राहिले. मुलं खोळंबली, शिट्टी वाजेना. ऊन वाढलं तशी संयोजकांनी मान तुकवली. माझ्या पोरी काही अव्वल आल्या नाहीत, पण पैलतीर सगळ्यांनी गाठला.

परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "ओल्या अंगानं सीटवर बसू नका, उभ्या राहा." पोरी दमून काकडल्या होत्या. मी त्यांना बसवलं, आणि त्या कंडक्टरशी आमचा थांबा येईपर्यंत भांडत राहिले.