कोरा पडदा

संगणकाचा पडदा घासून ठेवलेल्या ताटासारखा लख्ख दिसत होता. इतकी स्वच्छता बरी नव्हे, हे मला उशिरा कळलं.

सकाळी मीच बायकोच्या संगणकावरची जुनी प्रणाली काढून लिनक्स घातलं. ‘जुनं सगळं पुसू का?’ असं त्यानं सभ्यपणे दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा मोठ्या मनानं हो म्हणालो. तिच्या दिवंगत वडिलांनी, अण्णांनी, टाइप केलेल्या आठवणी मी आधीच पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या ना. आता पाहतो तर तिथे नुसता शॉर्टकट. घर समजून मी घराकडे जाणारी पाटी उचलून आणली होती.

ही फुकटची, मोकळी प्रणाली सामान्यांच्या घरी रुळेल का, यावर मी चारचौघांत तावातावानं बोलतो. लोक तिला भीत नसावेत. ती घेऊन येणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाला भीत असावेत. आपलं भलं करायला कुणी इतक्या उत्साहानं घरात शिरलं, की काय काय पुसलं जाईल याचा नेम नसतो.

बायको शेजारी येऊन बसली. “अण्णांचं काही दिसत नाही हो यात.”

“नवीन आहे ना अजून.”

“मग नकोच मला हे. उद्या जुनं परत घाला, म्हणजे दिसेल.”

मी मान डोलावली, आणि ती निश्चिंत मनानं स्वयंपाकाला उठली.