डोर्कसचे डोळे

ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या हॅव्हरफील्ड साहेबांच्या जिन्यावर, म्हणजे त्या जिन्यालगतच्या सगळ्या खोल्यांसाठी, अँब्रोझ टिडमार्श नोकर होता. शेगडी पेटवायची, पाणी तापवायचं आणि साहेब लोकांचे वाद चालू असताना कान असून नसल्यासारखं वागायचं, हे त्याचं काम. पण कान थोडेच कुणाचं ऐकतात! जे कुणाच्याच मनात नाही ते मुळात नाहीच, हे त्याने राख भरता भरता इतक्यांदा ऐकलं होतं की त्यात त्याला नवल वाटेनासं झालं होतं.

फेब्रुवारीत त्याची बायको डोर्कस छातीच्या दुखण्याने गेली. तेव्हा मात्र त्याने धीर करून विचारलं, "मग आमची डोर्कस आहे का, साहेब?"

साहेब पाइप भरत होते. "मनाने धरलेलं काही हरवत नाही, टिडमार्श."

साहेबांच्या डोक्यात होतं सगळ्या विश्वाला व्यापून असलेलं एकच अखंड मन. अँब्रोझला वाटलं, ते आपल्याच मनाबद्दल बोलताहेत. कोणतं मन, एवढं तरी या शहाण्यांनी सांगायला नको का?

झालं, अँब्रोझ कामाला लागला. रोज संध्याकाळी जेरिको भागातल्या आपल्या घरी तिच्या खुर्चीसमोर बसून तो तिची राखाडी शाल, सुईने खरखरीत झालेली बोटं, खोकला असं एकेक आठवायचा. ईस्टरच्या सुमारास खुर्ची करकरायला लागली. मग शाल दिसली, मग ती स्वतः. ती बोलायचीही, पण आधी कधीतरी बोललेलंच. "पाय पूस." "दार लाव, थंडी येतेय." नवीन अक्षर नाही. अँब्रोझला तेवढंही पुष्कळ होतं.

एका संध्याकाळी ती खिडकीकडे तोंड करून बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशीही तशीच. हाक मारली तरी वळेना. तिच्या डोळ्यांचा रंग आपल्याला आठवत नाही, हे त्याच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. आज डोळे गेले, उद्या चेहरा जाईल, मग नुसती शाल उरेल.

सकाळी तो साहेबांकडे धावला. त्यांच्या खोलीचा बाहेरचा ओकचा दरवाजा बंद होता. तो बंद असला की काही झालं तरी ठोठावायचं नाही, हा कॉलेजचा दंडक अँब्रोझने उभा जन्म पाळला होता. आज त्याने ठोठावलं.

दार उघडलं. साहेब हल्ली विसरायला लागले होते, चष्मा, वार, विद्यार्थ्यांची नावं. ते त्याच्याकडे बराच वेळ सभ्यपणे पाहत राहिले.

"मी टिडमार्श, साहेब. जिन्यावरचा."

"या नावाचं इथे कुणी नाही," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

अँब्रोझ तिथेच उभा राहून आपले हात चाचपत राहिला. आपण आहोत ना, याची त्याला खात्री वाटेना.

संध्याकाळी ती पाठमोरीच होती. "डोर्कस, मला तुझे डोळे आठवत नाहीत," तो म्हणाला. "माझ्याच्याने आता नाही होत गं." ओंजळीत तोंड घालून तो रडला, आणि आठवायचं त्याने सोडून दिलं.

खुर्ची करकरली.

"तपकिरी," डोर्कस म्हणाली. "डाव्यात खाली हिरवा ठिपका आहे. तू कधी धड पाहिलंस तर ना!"

त्याने मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. तो तसाच उठून पलीकडच्या गल्लीत तिच्या बहिणीकडे, टॅबिथाकडे गेला. ती वाटाणे सोलत होती.

"ठिपका ना? जन्मापासूनचा," टॅबिथा म्हणाली. "इतकी वर्षं संसार केलास, अँब्रोझ, आणि आज विचारतोयस?"

हा ठिपका अँब्रोझने कधीच पाहिला नव्हता, मग तो आठवणार कुठून? त्यानंतर ती खुर्ची कधी करकरली नाही, आणि त्यानेही तिच्यासमोर बसायचं सोडलं. डोर्कसला धरून ठेवणारं मन दुसरंच कुठलंतरी होतं, आणि त्या मनाने तिला नीट पाहिलेलं होतं.