श्वासाला सप्लाय

आमच्या घराची मागची भिंत एका वर्कशॉपला लागून आहे. तिकडे पत्रे कापायचा पॉवर प्रेस चालतो. धप्प, जरा थांबून पुन्हा धप्प. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, भिंतीआड कुणी बाई धुणं आपटतेय आणि तिचं धुणं काही संपत नाही. मग सवय झाली. इतकी, की गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते, लाईटही पुष्कळदा जाते, त्या दिवशी मला दुपारची झोपच यायची नाही. पिंपरी-चिंचवडच्या बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही.

अशाच एका गुरुवारी मला ह्यांचा श्वास ऐकू आला.

आमचे हे चाकणला गाड्यांच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, मेंटेनन्सला. जन्मभर शिफ्टा केलेल्या, त्यामुळे दिवसा झोपायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. खिडकीला चादर अडकवली की ह्यांची रात्र झाली. आजार तोवर कळलेला होता. आधी बोटांतून पक्कड निसटायला लागली, मग शर्टाचं बटण लागेना. पुष्कळ तपासण्या झाल्या आणि मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा हळूहळू वाळत जातात, असं आम्हाला सांगितलं. आम्ही हातांचा विचार करत होतो, पायांचा करत होतो. श्वास घ्यायलाही स्नायू लागतात, हे बाई कधी मनातच आलं नव्हतं.

त्या दुपारी पंखा बंद, प्रेस बंद. आणि ह्यांचा श्वास आखूड, वरचेवर, मूल रडून रडून झोपल्यावर घेतं तसा. जवळ जाऊन बघितलं. श्वास घेताना माणसाचं पोट वर येतं ना? ह्यांचं आत जात होतं. चादरीतून हिरवट उजेड येत होता आणि मला वाटलं, आम्ही दोघं कुठल्या तरी तळ्याच्या तळाशी आहोत, आणि वर जायचं कसं ते ह्यांना आठवत नाहीये.

मी फोनवर श्वासाचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ह्यांचे कंपनीतले एक जुने दोस्त आले, मोबाईल पुढे करत. हे दोघं एका बसने चाकणला जायचे.

"राव, हे बघ! छाती आणि पोटाच्या मधे श्वासाचा पडदा असतो, त्याला तारा जोडतात. बाहेर एवढंसं मशीन. करंट दिला की पडदा खाली, हवा आत. काम तमाम."

"काम तमाम नको म्हणू रे," हे म्हणाले, पण डोळे लकाकले. "बरोबर आहे. वरून केबल गेली तर लोकल सप्लाय द्यायचा, जागच्या जागी. मी जन्मभर दुसरं काय केलं?"

"आता तू बॅटरीवरची गाडी होणार भावा. मागे नंबर प्लेट लावून घे."

किती तरी दिवसांनी हे हसले. मग बरेच दिवस घरात तेच. हात उचलत नव्हता, पण मला समोर बसवून तोंडाने वायरिंग सांगायचे. मला काय कळतंय त्यातलं? पण सांगू का, मीही त्यात वाहवत गेले. भाजी निवडताना डोळे मिटले की ह्यांच्या छातीत बारीक बारीक दिवे लागलेले दिसायचे, निळे, एकामागोमाग, आणि प्रत्येक दिव्याबरोबर ह्यांचं पोट हळूच वर यायचं, पीठ फुगून येतं तसं. मेथीच्या काड्या भाजीत जायच्या नि पानं कचऱ्यात.

मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाची. नळीत फुंकायला लावलं, आडवं झोपवून पुन्हा फुंकायला लावलं. आडवं झाल्यावर ह्यांची फुंकर अगदीच पडली. मग ह्यांनी तारांचं काढलं. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, तुमचं डोकं बरोबर चाललंय," ती म्हणाली. "मानेला मार लागलेल्या काही लोकांना ह्याचा उपयोग होतो. त्यांची वरची वाट तुटलेली असते, पण पडद्यापर्यंतची नस जिवंत असते. तुमच्यात तीच नस वाळत चाललीय. करंट धरणार कोण?"

"थोडी तरी जिवंत असेल ना? तेवढ्यावर चालवा."

"परदेशात तुमच्यासारख्या लोकांवर करून बघितलं काका. आशा सगळ्यांनाच होती. पण तारा बसवलेल्यांपेक्षा नुसता मास्क लावणारे जास्त जगले. मी तुम्हाला तारा बसवणार नाही. मास्क द्यायचाय, तो आजच सुरू करू. आता नाही घेतलात तर झोपेतच श्वास कमी कमी होत जाईल."

तिने मास्क दाखवला. नाकातोंडावर बसणारा, मागून पट्टे, पुढे नळी. ह्यांनी तोंड फिरवलं. "बैलाला मुसकं घालतात तसं? आणि बाहेरून हवा भरायला मी काय ट्यूब आहे?"

रिक्षात मला म्हणाले, "स्वतःच्या पडद्याने श्वास घेतला असता गं. हे म्हणजे दुसऱ्याने घेतलेला." मलाही ते निळे दिवे एकेक करून विझताना दिसत होते.

लेकीने मशीन घरी आणवलं, बॅटरीसकट. माणूस येऊन लावून, दाखवून गेला. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. लेक म्हणाली, "पप्पा, पाच मिनिटं." नाही. "पप्पा, माझ्यासाठी." नाही. ती चिडून ऑफिसला गेली.

मग मला काय सुचलं देव जाणे. म्हटलं, बघू तरी काय जाच आहे एवढा. ह्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर आडवी झाले, मास्क तोंडावर धरला, पट्टे डोक्यावरून ओढले आणि त्या माणसाने दाखवलेलं बटण दाबलं.

आधी दचकले. मग बाई, काय सांगू! घाट उतरणाऱ्या एस्टीच्या खिडकीत तोंड धरलं की वारा कसा आपणहून आत येतो, तसं. आपण श्वास घ्यायला निघावं आणि कुणी तरी पाठीवर हलका हात ठेवून पुढे न्यावं. सोडायला लागलं की तो हात मागे. ह्यांचा आजार कळल्यापासून मी सुखाने टेकलेच नव्हते. पलीकडे प्रेस धपधपत होता. पाय हलके झाले, मग कंबर, मग घर.

झोप लागली हो मला!

"अगं ए!" वरून ह्यांचा बारीक आवाज. "ऊठ! माझं आहे ते!"

डोळे उघडले तर हे खाटेच्या कडेवरून माझ्याकडे बघतायत, चिडलेले. "तुला कुणी सांगितलं लावायला? आजारी कोण आहे?"

"तुम्हाला नकोय ना?"

"नको असो, हवं असो. काढ. किती घोरतेस त्याच्यात."

मी मास्क धुतला, पुसला, उशी उंच केली आणि ह्यांच्या तोंडावर बसवला. भुवया आवळलेल्या होत्या. नळी सरळ करून हात काढला नाही, तोवर त्या सुटल्या. पोट वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं. मी तिथेच बसून राहिले. चहाची वेळ उलटून गेली तरी उठवावंसं वाटेना.

जागे झाले ते संध्याकाळी. मास्क काढला तर गालांवर पट्ट्यांचे वळ, आणि चेहरा कुठल्या तरी लांबच्या गावाहून आल्यासारखा.

"स्वप्न पडलं," म्हणाले. "कितीक महिन्यांनी पडलं गं. कंपनीचं कँटीन होतं. सगळ्या लाईनी बंद, मी एकटाच बसलेलो. आणि वाढायला कोण, तर आमची आई. कंपनीची टोपी घालून."

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झालीत. कंपनी कधी त्यांनी बघितलीसुद्धा नव्हती.

"मी कुठे होते?"

"तू नव्हतीस."

"का हो? मला गेटपास दिला नाही वाटतं?"

हे हसले. श्वास पुन्हा आखूड व्हायला लागला होता.

"ताटात आत्ता कुठे भात पडला होता," म्हणाले. "लाव ते. जेवायचं राहिलंय."