ताकदीची गोळी

घरात त्या गोळीला ‘ताकदीची गोळी’ म्हणत. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. सून अकरा वर्षं रोज दोन वेळा ताकदीची गोळी घेते आणि तरी कायम दमलेलीच दिसते, याचं शेजारच्या काकूंना मोठं नवल वाटे. गोळी होती फिट येऊ नये म्हणून.

सून शिलाईकाम करायची. बाराव्या आठवड्यात पोटातल्या बाळासाठी रक्ततपासणी होती. दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “औषधं काही चालू?”

“ताकदीची गोळी,” सासूबाई तत्परतेने म्हणाल्या.

बाईंनी ‘जीवनसत्त्वे’ लिहिलं. सून गप्प राहिली. एक तर मळमळत होतं, आणि गप्प राहायची सवय गोळीइतकीच जुनी होती.

अहवाल आला : बाळात जन्मदोष असण्याची शक्यता नव्वदात एक. चार दिवस ती एकच कॉलर उसवत आणि शिवत बसली.

“ती गोळीच बंद कर,” सासूबाई म्हणाल्या. प्रथमच त्यांनी ताकदीचा उल्लेख टाळला.

गोळी गिळून सून डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांच्या कागदावर फिटची नोंद होती. त्यांनी तो अहवालाशेजारी ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

“जीवनसत्त्वे? अहो, या गोळ्यांनी रक्तातले आकडे हलू शकतात. किती, ते नक्की सांगता येत नाही. गोळी मनाने बंद करू नका, फिट आली तर दोघांनाही धोका. सोनोग्राफी बारकाईने बघू. रक्ताची दुसरी, जास्त खात्रीची तपासणीही करू.”

“म्हणजे स्वेटरवरून माप घेतलं,” सून म्हणाली.

“हो. आणि स्वेटर किती जाड, ते ठाऊक नाही.”

“बाळ ठीक असेल?”

“आज मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही.”

सोनोग्राफीत काही वावगं दिसलं नाही. मग दुसऱ्या रक्ततपासणीसाठी पुन्हा तीच खिडकी. “औषधं काही चालू?”

सासूबाईंनी तोंड उघडलं.

“फिटची गोळी,” सून म्हणाली. “अकरा वर्षं.”

रांगेतल्या कोणीही वळून पाहिलं नाही. बाईंनी मानही वर न करता विचारलं, “गोळीचं नाव?”

तिने सांगितलं. सासूबाई भिंतीवरचं वेळापत्रक मन लावून वाचू लागल्या; चष्मा घरी राहिला होता.

“निकाल दहा दिवसांनी,” बाई म्हणाल्या.

“बस जरा,” सासूबाई वेळापत्रकाला म्हणाल्या. “दमली असशील.”

सून बसली. हे तिला अकरा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.